नजर अचानक गेली, डोळा मात्र नॉर्मल. मग पाठीचा एमआरआय कशाला?

प्रश्न, थोडक्यात: माझी बहीण २९ वर्षांची आहे. गुहागर तालुक्यात सासरी असते, काजू कारखान्यात कामाला जाते. गेल्या आठवड्यात चार दिवसांत तिच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. डोळा फिरवला की आत दुखतं. जवळच्या डॉक्टरांनी डोळा तपासून ‘आत काही दोष दिसत नाही’ म्हणत थेंब दिले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की डोळ्याच्या नसेला सूज आहे, प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो, लगेच दाखल व्हा, मेंदू आणि पाठीचा एमआरआय करा, शिवाय एक महागडी रक्ततपासणी. एरवी तब्येत चांगली आहे. फक्त जूनमध्ये दहा-बारा दिवस उचकी आणि उलट्या होत होत्या. पित्त म्हणून सलाईन लावलं, थांबलं. घरचे म्हणतात, गणपती होऊ देत, मग बघू. डोळ्याचा आणि पाठीचा संबंध काय? थांबलं तर चालेल का?

उत्तर:

थांबू नका. गणपती घरात असले तरी तिला आज-उद्यात दाखल करा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं योग्य आहे. आणि तुम्ही जाता जाता लिहिलेली उचकीची गोष्ट वाचल्यावर तर मला ते फारच महत्त्वाचं वाटतं. ती उचकी त्यांना सांगितली होती का? बहुतेक नसेल. डोळ्याच्या डॉक्टरांना पोटाचं कशाला सांगायचं, असंच आपल्याला वाटतं. ते आज फोन करून सांगा. पुढच्या उपचाराची दिशा त्या एका गोष्टीने बदलू शकते.

मी कोकणात बरीच वर्षं डोळ्यांचे रुग्ण तपासते आहे. तरुण बाईची नजर काही दिवसांत उतरली आणि डोळा आतून स्वच्छ दिसला, की माझं लक्ष डोळ्यावरून निघून तिच्या मागच्या वर्षभराच्या तब्येतीकडे जातं. हातपाय बधिर झाले होते का, लघवी अडली होती का, उलट्या थांबत नव्हत्या असं कधी झालं का, तोंड येतं का, सांधे धरतात का, गर्भपात झालेत का. ही उत्तरं मिळेपर्यंत मी ‘नसेची साधी सूज’ असं लिहीत नाही.

आधी तुमच्या पहिल्या शंकेचं बघू: डोळा नॉर्मल, मग दिसत का नाही? डोळ्याच्या पडद्यावर उमटलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारी जी नस आहे, तिचं फक्त पुढचं टोक आम्हाला बाहुलीतून दिसतं. बाकीची नस डोळ्याच्या खोबणीतून मागे मेंदूकडे जाते. सूज मागच्या भागात असेल तर पुढचं टोक अगदी गुलाबी, निरोगी दिसतं. तरुण वयातल्या या आजारात तीनातल्या साधारण दोन रुग्णांचं पहिल्या तपासणीत असंच असतं. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर थांबायला नको होतं, एवढंच. साध्या टॉर्चने एकदा या डोळ्यावर, एकदा त्या डोळ्यावर आलटून पालटून प्रकाश टाकला की आजारी बाजूची बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. या तपासणीला ना यंत्र लागतं ना वीज. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती दोन मिनिटांत होते, आणि ती सगळीकडे व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

रंगाचंही असंच. एक डोळा झाकून कुंकवाची डबी बघायची, मग दुसरा झाकून. आजारी डोळ्याला तेच कुंकू विटकरी, धुतल्यासारखं दिसतं. तिला आज घरी करून बघायला सांगा. चांगला समजला जाणारा डावा डोळासुद्धा नीट तपासा. एक डोळा हळूहळू उतरतो तेव्हा दुसरा सांभाळून घेतो, आणि माणसाला पत्ता लागत नाही.

आता पाठीचा संबंध. डोळ्याची नस हातापायाच्या नसांसारखी नसते. गर्भात ती मेंदूतूनच वाढून पुढे आलेली असते. तिच्यावरचं आवरण, तिच्या आसपासच्या पेशी, सगळं मेंदू आणि मज्जारज्जूसारखंच. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या पेशींवर उलटली, तर आज डोळ्याची नस, उद्या मज्जारज्जू, परवा मेंदूचा देठ अशी कुठेही सूज येऊ शकते. पाठीचा एमआरआय पाठीच्या दुखण्यासाठी नाही. दुखत नसतानाही तिथे जुनी किंवा नवी सूज दडली आहे का, ते बघायला आहे.

अशी सूज आणणारे तीन आजार आम्ही आधी तपासतो. पहिला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. पाश्चात्त्य देशांत तरुणांच्या डोळ्याच्या नसेच्या सुजेमागे बहुतेक वेळा हाच असतो, आणि इंटरनेटवर तुम्ही वाचाल ते सगळं बहुधा त्याच्याबद्दल असेल. दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. तिसरा मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा आजार. आपल्याकडे, म्हणजे एकूणच आशियात, दुसऱ्या-तिसऱ्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा आहे. आपल्याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला या आजारांची नोंद आणि रक्ततपासणी यांवर अनेक वर्षं चांगलं काम झालं आहे. म्हणून परदेशी माहिती वाचून ‘एमएस असेल’ किंवा ‘एमएस नाही, म्हणजे काही नाही’ असा निष्कर्ष घरी काढू नका.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत मला एनएमओची शंका सगळ्यात जास्त येते. कारण उचकी.

फ्रान्समधले डॉक्टर युजीन देविक यांनी १८९४ मध्ये डोळ्याची नस आणि मज्जारज्जू एकत्र सुजलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. नंतर शतकभर हा एमएसचाच एक प्रकार मानला जात होता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटिबॉडी दाखवली, आणि ती कशावर हल्ला करते तेही पुढे कळलं: अ‍ॅक्वापोरिन-४ नावाचं प्रथिन. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधून पाण्याची ये-जा या प्रथिनाच्या वाटांनी होते. डोळ्याच्या नसेत आणि मज्जारज्जूत ते भरपूर असतं. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूला, जिथे उलटीचं केंद्र आहे, तिथेही असतं. तिथे सूज आली की माणसाला दिवसचे दिवस उचकी लागते, उलट्या थांबत नाहीत, आणि एन्डोस्कोपी केली तर पोट चांगलं निघतं. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. मग काही महिन्यांनी डोळा जातो, किंवा पाय लुळे पडतात. २०१५ मध्ये ठरवलेल्या निदानाच्या निकषांत या उचकी-उलटीला डोळा आणि मज्जारज्जूच्या जोडीने स्थान दिलेलं आहे.

आपल्या भागात पावसाळ्याच्या सुरुवातीला उलट्या झाल्या की पित्त, खराब पाणी, फार तर कावीळ असाच विचार होतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. जूनमध्ये सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना दोष द्यायचं कारण नाही. अडचण निराळीच आहे. उचकीची फाईल फिजिशियनकडे, मुंग्या आल्या त्याची चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांकडे, नजर गेली ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तीन गावं, तीन दवाखाने, आणि तिघांचे कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. मुंबईहून चाकरमानी भाऊ आला, त्याने तिला आपल्याबरोबर नेलं की चौथी फाईल तयार होते. ते सगळे कागद एका पिशवीत घालून नेणं हे काम घरच्या माणसानेच करायचं असतं. तुम्ही ते करा. जूनच्या सलाईनची चिठ्ठी, तेव्हाचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं न्या, आणि कोणत्या तारखेला काय सुरू झालं ते एका कागदावर लिहून न्या.

एवढं लिहिलं म्हणून तिला एनएमओच आहे असं मी म्हणत नाही. न तपासता ते कोणीही म्हणू नये. पण आधी उचकी आणि काही महिन्यांनी नजर जाणं हा जोड असा आहे की तो खोटा ठरेपर्यंत खरा धरूनच वागायचं.

उपचार आणि वेळ

रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवत नाहीत. रक्त आधी काढून ठेवायचं आणि लगेच सलाईनमधून मेथिलप्रेडनिसोलोन सुरू करायचं. मोठ्या माणसाला रोज १ ग्रॅम, सहसा तीन ते पाच दिवस. हे स्टेरॉईड आहे, आणि स्टेरॉईड म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू होते. तुमच्या घरीही झाली असेल. या आजारात ते जोरदार आणि थोड्या दिवसांसाठी देणं यालाच अर्थ आहे.

उलट जी गोष्ट सर्रास होते ती मला काळजीची वाटते: दाखल व्हायला जमत नाही म्हणून प्रेडनिसोलोनच्या थोड्या गोळ्या दिल्या जातात, आठवड्याने बंद होतात. अमेरिकेत यावर एक मोठी चाचणी झाली होती, चारशेहून अधिक रुग्णांवर, आणि तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडने नजर लवकर परतली. नुसत्या गोळ्यांनी फायदा झाला नाही, उलट त्या गटात आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं. त्याच चाचणीत असंही दिसलं की वर्षभरानंतर औषध दिलेल्या आणि न दिलेल्यांची नजर जवळपास सारखीच होती. हे वाचून काही जण म्हणतात, मग आपोआप बरं होईल, कशाला दाखल व्हायचं? ते रुग्ण मुख्यतः एमएसच्या वाटेवरचे होते. त्या सुजेत दोन-तीन आठवड्यांत नजर आपोआप सुधारायला लागते. एनएमओमध्ये असा भरवसा नाही. तिथे उपचाराविना गेलेली नजर बऱ्याचदा गेलेलीच राहते. आणि पहिल्या दिवशी या दोन सुजांपैकी कोणती आहे, हे नुसत्या डोळ्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच थांबायचं नाही.

स्टेरॉईडआधी आपल्या भागात काही गोष्टी तपासायलाच हव्यात. छातीचा एक्स-रे, कारण क्षयरोग दबलेला असेल तर उसळू शकतो. साखर, रक्तदाब, पोटॅशियम. गुप्तरोगाची साधी रक्तचाचणी, कारण सिफिलिसही डोळ्याची नस सुजवतो, आणि ही चाचणी सांगितली म्हणून कोणी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू नये. आणि एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरांच्या लवकर लक्षात येत नाही: लावणीच्या दिवसांत आपल्या बायका आठवडेच्या आठवडे अनवाणी चिखलात असतात. ओल्या मातीतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि मोठ्या डोसच्या स्टेरॉईडवर बेफाम वाढू शकतो. तुमची बहीणही लावणीला उतरत असेल, तर ‘ती शेतात काम करते, जंताचं औषध आधी द्यायचं का?’ एवढं तुम्ही स्वतःहून विचारा. हा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तीन ते पाच दिवसांच्या सलाईनने नजर हलली नाही, किंवा पहिल्यापासूनच नजर अगदी अंधाराएवढी गेली असेल, तर पुढची पायरी म्हणजे प्लाझ्मा बदलणं. मशीनमधून रक्त फिरवून त्यातला अँटिबॉडी असलेला द्रव भाग काढतात आणि त्याजागी दुसरा देतात. एक दिवसाआड अशी पाच ते सात वेळा. डायलिसिससारखी सोय असलेलं मोठं रुग्णालय लागतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात एनएमओच्या तीव्र झटक्यांत प्लाझ्मा बदलायला किती उशीर झाला यावर सगळं अवलंबून असल्याचं दिसलं: पहिल्याच दिवशी सुरू केलं तर निम्म्या झटक्यांत पूर्ण सुधारणेची शक्यता, आणि वीस दिवसांनंतर ती शंभरात एक ते पाच इतकी खाली. तुम्ही लिहिता त्यावरून तिचा पहिला आठवडा गेला आहे. पाच दिवसांचे गणपती, मग आवराआवर, मग पाहुणे परतणार, मग गाडीचं बुकिंग. हा हिशेब तुम्हीच करा.

गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, मी त्याच्या आड येणार नाही. गाडी मात्र त्याच दिवशी सुटू दे.

कुठे जायचं? रत्नागिरीत सांगितलं आहे तिथेच पहिलं सलाईन सुरू करून घ्या. चिपळूण, सावर्डे-डेरवण, रत्नागिरी या पट्ट्यात स्टेरॉईडचा पहिला टप्पा होऊ शकतो, त्यासाठी मुंबईची वाट बघत दिवस घालवू नका. प्लाझ्मा बदलण्याची वेळ आली तर मुंबई, किंवा घाट चढून कोल्हापूर. सिंधुदुर्गातले वाचक असतील तर त्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा: सुधारणा नाही झाली तर कोणत्या दिवशी आणि कुठे पाठवणार? रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या आणि रुग्णालयातल्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

ती महागडी तपासणी

अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन्ही अँटिबॉडी रक्तातून तपासतात. त्यासाठी पाठीतलं पाणी काढावं लागत नाही. ते दुसऱ्या कारणांसाठी कदाचित काढतील. तपासणी ‘सेल बेस्ड’ पद्धतीची आहे ना, एवढं लॅबला विचारा. जुन्या एलायझा पद्धतीत खोटे पॉझिटिव्ह जास्त येतात, आणि मॉगसाठी तर ती पद्धत कामाचीच नाही. प्लाझ्मा बदलायच्या आधी रक्त काढलेलं असलं पाहिजे, कारण बदलताना अँटिबॉडीच निघून जाते. नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्टला काही दिवस लागतात. पैसे वाचवायचेच असतील तर दुसऱ्या कशात वाचवा. ही एक तपासणी पुढच्या अनेक वर्षांचं औषध ठरवते. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ बीटा इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोड, एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. नाव चुकलं की औषधच उलटतं.

अ‍ॅक्वापोरिन पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका, पण ‘डोळा सुधारला, आता कशाला औषध’ असंही म्हणू नका. एनएमओ हळूहळू झिजवत नाही. तो झटक्याझटक्याने येतो, आणि प्रत्येक झटका काहीतरी घेऊन जातो. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, आणि तिथेच औषध सुटतं. झटका टाळणं हाच खरा उपचार. त्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब अशी औषधं आपल्याकडे वापरली जातात. २०१९ पासून या आजारासाठी मंजूर झालेली नवी इंजेक्शनंही आली आहेत, मात्र त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. जुन्या औषधांनीही पुष्कळ रुग्णांचे झटके थांबतात. अ‍ॅझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला काही महिने जातात, तोवर स्टेरॉईडची गोळी चालू ठेवावी लागते. ती मध्येच, एकदम बंद केली की नेमका त्या फटीत झटका येतो. रक्तातल्या पेशी आणि लिव्हर यांची तपासणी सुरुवातीला वरचेवर करावी लागते. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलंच पाहिजे.

मॉग पॉझिटिव्ह आली तर गोष्ट थोडी निराळी. त्यात बऱ्याचदा दोन्ही डोळे एकदम जातात, नसेचं टोक सुजलेलं दिसतं, आणि स्टेरॉईडने नजर झपाट्याने परत येते. मात्र स्टेरॉईड लवकर उतरवलं की ती पुन्हा जाते. काहींना आयुष्यात एकदाच होतं, त्यांना कायमचं औषध लागत नाही. दोन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या आणि मेंदूच्या एमआरआयवर डाग दिसले तर एमएसचा रस्ता. त्याच अमेरिकन चाचणीतल्या रुग्णांवर पुढे १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीच्या एमआरआयवर एकही डाग नव्हता त्यांच्यात चौघांतल्या एकाला एमएस झाला, आणि एक किंवा जास्त डाग होते त्यांच्यात शंभरात ७२ जणांना. त्यामुळे एमआरआयची सीडी जपून ठेवा. नुसता कागदी रिपोर्ट पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही.

रक्तात एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आली तर लगेच ल्युपस, म्हणजे सांधे-त्वचा-मूत्रपिंडावर उलटणारा प्रतिकारशक्तीचा आजार, धरू नका. एनएमओच्या रुग्णांत ती बऱ्याचदा तशी येते. पण तोंड-डोळे कोरडे पडणं, सांधे सुजणं, उन्हात गालांवर चट्टे, केस मुठीने जाणं यातलं काही असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांचं मत घ्यायला हवं. एनएमओबरोबर स्योग्रेन (तोंड-डोळे कोरडे पाडणारा आजार), ल्युपस, थायरॉईड अशी दुसरी दुखणी जोडीने असू शकतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी

प्रतिकारशक्तीचा आजार डोळ्यातून वेगळ्या रूपातही पुढे येतो. दोन्ही डोळे काही दिवसांत अंधुक, बरोबर डोकं जड, कानात आवाज, आणि काही आठवड्यांनी पापणीचे केस पांढरे होणं किंवा अंगावर पांढरे डाग: हा व्हीकेएच नावाचा आजार. तो आपल्या देशात दुर्मीळ नाही आणि वेळेवर स्टेरॉईड मिळालं तर नजर चांगली राहते. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या बाईच्या डोळ्यात अचानक रक्तवाहिनी बंद पडली तर रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासायला हव्यात. तरुण मुलीची नजर उभं राहिल्यावर क्षणभर जाते आणि हाताची नाडी लागत नाही, तर मोठ्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. १९०८ मध्ये तिचं वर्णन पहिल्यांदा केलं ते मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनीच, डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या बघून. साठीपुढच्या माणसाला नवी डोकेदुखी, विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, चावताना जबडा दुखून थांबावं लागणं आणि क्षणभर अंधारी, हे भारतात कमी दिसतं, पण दिसलं तर त्याच दिवशी स्टेरॉईड सुरू करायचं असतं, नाहीतर दुसराही डोळा जातो.

आणि अचानक गेलेली प्रत्येक नजर प्रतिकारशक्तीमुळे जात नाही. मधुमेहातला रक्तस्राव, सुटलेला पडदा, काचबिंदूचा जोरदार झटका, डोळ्याच्या धमनीतली गुठळी यांत दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. मिथाईल अल्कोहोल मिसळलेल्या विषारी दारूने दोन्ही डोळे जातात. आपल्याकडे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डोळ्यात आतून सूज येते. ताप विसरलेला असतो आणि डोळा लाल-अंधुक होतो. डेंग्यू आणि चिकनगुनियानंतरही नजर उतरल्याचे रुग्ण येतात. म्हणून मागच्या काही महिन्यांतला तापही डॉक्टरांना सांगायचा.

डोळ्यात मध, आईचं दूध, कसली मुळी उगाळून घालणं मात्र कृपा करून करू नका. यात डोळ्याच्या पुढच्या भागाचा काही दोष नसतो, आणि तिथे फूल पडलं तर एक चांगला भागही जातो.

नंतरचं आयुष्य

नजर परतायला लागली की एक अनुभव तिला येण्याची शक्यता आहे. कारखान्यात काजू वाफवतात किंवा भाजतात त्या भागात काम असेल, किंवा घरी चुलीपुढे बसली, वैशाखाच्या उन्हात चालून आली, तर नजर तेवढ्यापुरती पुन्हा धूसर होईल. अंग थंड झालं की थोड्या वेळात परत येईल. १८९० मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म उठॉफ यांनी हे नोंदवलं. सुजेतून उठलेल्या नसेतून उष्णतेत संदेश नीट जात नाही, एवढंच त्यामागचं कारण. हा नवा झटका नव्हे, आणि यासाठी पुन्हा स्टेरॉईड लागत नाही. मालकांशी बोलून तिला सोलणी किंवा पॅकिंगकडे बसवता आलं तर बरं. नजरेचा धूसरपणा थंडाव्यातही चोवीस तासांहून जास्त टिकला, किंवा नवीन दुखणं आलं, तर मात्र तो झटका समजून दवाखाना गाठायचा.

रस्त्यावरही सांभाळायला सांगा. एका डोळ्याचा संदेश उशिरा पोचतो तेव्हा समोरून येणारी गाडी किती लांब आहे आणि कोणत्या बाजूने येते आहे, याचा अंदाज चुकतो. स्कूटर काही महिने दुसऱ्याने चालवावी.

खालची लक्षणं घरातल्या सगळ्यांना, तिच्या सासूबाईंनाही, माहीत असू द्या. छातीभोवती किंवा पोटाभोवती आवळून बांधल्यासारखं वाटणं, कमरेखाली बधिरपणा, पाय जड होणं, लघवी न होणं, मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, आणि पुन्हा न थांबणारी उचकी. ही मज्जारज्जूची आणि मेंदूच्या देठाची लक्षणं आहेत, यांतलं काही आज रात्री सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण २९ वर्षांच्या मुलीच्या घरात हा प्रश्न असतोच: मूल होऊ शकेल का? होऊ शकतं. एनएमओच्या बायकांना मुलं होतात. पण ठरवून, आजार शांत असताना, आणि औषध आधी बदलून. मायकोफिनोलेट चालू असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला व्यंग येऊ शकतं. ते बऱ्याच आधी थांबवून दुसरं औषध सुरू करावं लागतं. अ‍ॅझाथायोप्रिन गरोदरपणात देखरेखीखाली चालू ठेवतात. झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे नेमका त्या वेळी, जेव्हा बाळंतिणीला माहेरी आणतात, तिची मोठ्या डॉक्टरांची भेट चुकते आणि गोळ्या ‘अंगावरच्या दुधासाठी’ म्हणून बंद केल्या जातात. त्या काळात न्यूरोलॉजिस्टची तारीख आणि औषधाची चिठ्ठी माहेरच्या घरात, तुमच्याकडे असली पाहिजे.